साडेतीन शहाण्यांचा ग्रुप फोटो

डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात जेम्स वर्सडेलने १७३५ च्या सुमारास काढलेलं एक चित्र आहे. टेबलाभोवती पाच बडी धेंडं, समोर मद्याचा सरंजाम. हा तिथला बदनाम ‘हेलफायर क्लब’. सैतानाच्या नावाने पेले उंचावणारी मंडळी म्हणून यांच्या कंड्या गावभर. पण चित्रातले चेहरे पाहावेत, तर पंगतीत वाढप्याची वाट बघत बसल्यासारखे!

अठराव्या शतकात आपल्याकडेही एक क्लब गाजत होता : साडेतीन शहाणे. पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस. नानांचं डोकं पूर्ण, पण तलवारीच्या नावाने पूज्य, म्हणून अर्धे. या क्लबला ना वर्गणी ना इमारत. सभासदांना न विचारता लोकांनीच त्यांची नावं नोंदवून टाकली.

यांचा एकत्र फोटो काढायचाच, तर संधी एकदाच आली होती. १७६३ च्या ऑगस्टात, आपल्या पैठणच्या खाली गोदाकाठी, शनीच्या राक्षसभुवनला. पुणं जाळून निजाम परतत होता. तिन्ही पूर्ण शहाण्यांची डोकी त्या एकाच डावात गुंतलेली. देवाजीपंतांचे धनी जानोजी भोसले तोवर निजामाचे सोबती. पण आतून बोलणी झाली आणि ते ऐन वेळी बाजूला सरकले. गोदेला पूर. निजाम अलीकडच्या तीरावर सुखरूप, विठ्ठल सुंदर पलीकडे अडकलेले. १० ऑगस्टला पेशव्यांच्या फौजेशी लढताना ते तिथेच पडले. लोक साडेसाती घालवायला त्या गावी जातात. दिवाणजींची एका दिवसात उरकली. पुढे निजामाने तह केला तो आमच्या औरंगाबादेत. शहाणपणाची अशी किंमत मोजल्यावर फोटोसाठी हसणार कोण?

उरलेल्यांचं काय झालं? बारभाईंच्या कारभारात बापू आणि नाना एकाच पंगतीला बसले. पण शेवटी पूर्ण शहाणे बापू कैदेत गेले आणि १७८१ मध्ये रायगडावर वारले. कैदेत घालणारे कोण, तर अर्धे शहाणे! १७९२ मध्ये जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात आला (हाच पुढे वेरूळची लेणीही चितारून गेला), तेव्हा त्याच्यासमोर पेशवे सवाई माधवरावांशेजारी ऐटीत बसायला चौघांपैकी नानाच तेवढे दरबारात उरले होते. ते चित्र आज लंडनला आहे.

साडेतीन शहाणे आजही भेटतात. आमच्या शहरातल्या गुलमंडीवर संध्याकाळी चहाच्या कुठल्याही टोळक्याजवळ क्षणभर थांबा. पाणी किती दिवसांआड येणार इथपासून अमेरिकेत कोण निवडून येणार इथपर्यंत सगळ्याचा निकाल लागत असतो. तीन पूर्ण शहाणे सहज ओळखू येतात, कारण तिघंही एकाच वेळी बोलत असतात. अर्धा कोणता, हे मात्र चटकन कळत नाही. तो मान डोलावतो, “बरोबर आहे अण्णा,” म्हणतो आणि सगळ्यांचं ऐकून ठेवतो. “चला, सेल्फी!” म्हणून मोबाइल काढणाराही तोच. फोटोत त्याचा चेहरा सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मोठा. बाकीच्यांनी वेळीच सावध झालेलं बरं.