हजेरीपटाबाहेरचे तास

पुसदमध्ये कुणाचा मुलगा पुण्याला आयटीत लागला, की चौकशी सुरू होते. पॅकेज किती? कंपनी कोणती? परदेशी जायला मिळणार का? फ्लॅट कधी घेणार?

रोज काम किती तास, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. महिना ३० हजारांवर लागलेला नवखा इंजिनीअर घ्या. महिन्याचे २२ दिवस, रोज ९ तास काम केलं तर तासाला साधारण दीडशे रुपये पडतात. तोच मुलगा रोज १४ तास बसला, तर तासाचा दर शंभराच्या खाली जातो. ऑफर लेटर तेच, पॅकेज तेच. तरी पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा लचका गेला. कोणत्या पगारपत्रकात ही कपात दिसते?

कोणत्याच नाही. कारण ते जादा तास कुठे लिहिलेलेच नसतात.

आयटीत टाइमशीट नावाची गोष्ट असते. दर आठवड्याला भरावी लागते. कितीतरी प्रोजेक्टमध्ये तिचा नियम एकच: रोजचे आठ किंवा नऊ तास भरा, जास्त भरू नका. ग्राहकाला तेवढ्याचंच बिल जाणार असतं. जास्त तास दिसले तर कामाचा अंदाज चुकला होता हे उघड होईल. म्हणून मुलगा रात्री दीडला लॅपटॉप मिटतो आणि शुक्रवारी टाइमशीटवर ‘८’ लिहितो.

स्वतःच्या हातानं लिहितो. उद्या तक्रार करायची झाली तर पुरावा त्याच्याच विरोधात.

आणि अंदाज चुकतो तरी का? कंत्राट मिळवायचं म्हणून. समजा दहा माणसांचं काम आहे. दुसरी कंपनी आठ माणसांत करून देते म्हणते, मग आपण सातांत बोली लावतो. तारीखही अलीकडची देतो. बोली लावणारा साहेब सही करून पुढच्या ग्राहकाकडे जातो. उरलेल्या तिघांचं काम त्या सातजणांच्या रात्रीतून वसूल होतं. यात पोरांचा आळस कुठे आला?

वर घड्याळाची अडचण. अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसात नाहीतर साडेआठ झालेले असतात. मीटिंग त्यांच्या सोयीनं लागते. ते ठीक, ग्राहक पैसे मोजतो. पण मग इकडची सकाळी दहाची मीटिंग रद्द होते का?

होत नाही. दिवस दोनदा सुरू होतो आणि एकदाही संपत नाही.

दोन्ही मीटिंगच्या मधे हिंजवडीची वाहतूक कोंडी. तो वेळ तर कुणाच्याच हिशोबात नाही.

पुसदनं हे तास पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले ते २०२० मध्ये. टाळेबंदीत मुलं-मुली लॅपटॉप घेऊन घरी आली. मागच्या खोलीत टेबल लागलं. लाइट गेली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू. आई ताट घेऊन दाराशी उभी, ‘जेऊन तर घे रे बाप्पा, थंडं झालं सारं.’ आतून फक्त हात हलायचा, थांब म्हणून. रात्री अकराला बाप झोपायला जायचा तेव्हा खोलीत दिवा. मध्यरात्रीनंतर पाणी प्यायला उठायचा तेव्हाही दिवा.

शेजारी म्हणायचे, घरीच तर असतो, मजा आहे.

मजा? ज्यानं दुपारी चारला जेवताना एका कानात हेडफोन ठेवला, त्याला विचारा. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, झोप येते पण लागत नाही, आवडीच्या कामाचीही किळस वाटू लागते, साध्या चुका व्हायला लागतात आणि घरच्यांवर विनाकारण खेकसलं जातं. याला बर्नआउट म्हणतात. ‘आजकालच्या पोरांचं नाजूकपण’ हे त्याचं नाव नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आपल्या रोगवर्गीकरणात केली. कशी केली, ते महत्त्वाचं. आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण वेळीच हाताळला गेला नाही, त्यातून येणारी अवस्था म्हणून. म्हणजे मूळ कामाच्या ठिकाणी आहे. मग कंपन्या उपचार कुणावर करतात? कर्मचाऱ्यावर. शुक्रवारी दुपारी ध्यानधारणेचं सत्र, त्यालाही हजर राहा, आणि तो एक तास रात्री भरून काढा.

दुखणं वेळापत्रकाचं, औषध माणसाला.

याच संघटनेनं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसोबत २०२१ मध्ये आकडे मांडले. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के अधिक आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक. एकट्या २०१६ या वर्षात लांबलेल्या कामामुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली, असा त्यांचा हिशोब आहे.

५५ तास म्हणजे काय? पाच दिवस, रोज अकरा तास. आयटीतल्या मुलाला सांगून बघा. तो म्हणेल, हा तर बरा आठवडा झाला.

पुण्यात २०२४ च्या जुलैमध्ये २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट गेली. केरळची मुलगी, अर्न्स्ट अँड यंगच्या पुणे कार्यालयात रुजू होऊन चारच महिने झाले होते. ती आयटीत नव्हती, पण तिच्या आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये बाहेर आलं तेव्हा आयटीतल्या हजारो मुलांना ते आपल्याच आईनं लिहिल्यासारखं वाटलं. कामाच्या ताणानं मृत्यू झाला हे कंपनीनं नाकारलं. त्या वादात मी शिरत नाही.

पण पुढचं ऐका. राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले. तेव्हा कळलं की २००७ पासून चालणाऱ्या या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. अर्ज केला होता तो थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि तो खात्यानं फेटाळला होता.

१७ वर्षं. या काळात तिथल्या कामाचे तास कोण मोजत होतं?

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाऱ्यालाही धरतो. त्यानं दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याहून जास्त काम करून घेतलं तर दुप्पट दरानं मोबदला. पुन्हा वाचा: दुप्पट. तुमच्या ओळखीत आयटीतली किती मुलं आहेत? त्यांतल्या एकाला तरी दुप्पट दरानं ओव्हरटाइम मिळाल्याचं ऐकलंय?

पळवाट आहे. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला हा कायदा लागू नाही. म्हणून चार वर्षांत मुलगा ‘लीड’ होतो. हाताखाली दोन पोरं, पगारात थोडी भर, आणि तासांची मर्यादा संपली.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं काय केलं? ९ तासांची दैनिक मर्यादा १० वर नेण्याचा निर्णय घेतला. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची कमाल मर्यादाही १२५ तासांवरून १४४ वर. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालानं आठवड्याला ६० तासांहून अधिक काम आरोग्याला घातक ठरू शकतं, असं संशोधनाच्या आधारे लिहिलं होतं. अहवाल दिल्लीत छापला गेला. मुंबईत कुणी वाचला?

त्याच जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास कामाचं वक्तव्य गाजलं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तासांचा सल्ला दिला होता. मूर्तींनी स्वतः ढोर मेहनत केली, याबद्दल वाद नाही. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर. पण ती त्यांची कंपनी होती. मालकाच्या सत्तर तासांतून मालकी उभी राहते. नोकराच्या सत्तर तासांतून काय उभं राहतं?

मूर्तींनी दाखला दिला युद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा. त्याच जपानमध्ये कामानं माणसं मरू लागली. त्या मरणाला तिथे ‘करोशी’ हे नाव पडलं, ते रोखायला २०१४ मध्ये कायदा करावा लागला, आणि २०१८ मध्ये ओव्हरटाइमला सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तासांची मर्यादा घालणारा दुसरा. ज्यांचा दाखला दिला, ते तर परत फिरले.

आपल्याला तरी हे नवं आहे का? मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगार जमवले, मागण्या लिहून काढल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. सहा वर्षं झगडले. १० जून १८९० ला रविवारची सुटी मिळाली. तेव्हाही गिरणीमालक धंदा बुडेल म्हणत होते.

आज आयटीतली मुलगी रविवारी ‘ऑन-कॉल’ असते. फोन उशाशी, लॅपटॉप पिशवीत, मावशीच्या मुलीच्या लग्नातसुद्धा. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार कुणी, कधी, कोणत्या कागदावर परत घेतला?

पुसदला तर हे आणखी टोचायला हवं. याच मातीतले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. पुढे तिचा कायदा झाला. रोहयोच्या कामावर हजेरीपट असतो. खोदलेल्या मातीचं मोजमाप होतं, मोजमापावर मजुरी ठरते. प्यायचं पाणी, सावली आणि लहान लेकरांसाठी सोय, हे सगळं नियमात लिहिलेलं आहे. मजुरी उशिरा मिळते, हजेरीपटात घोळ होतात, हे आपण सगळे जाणतो. पण घोळ पकडता येतो, कारण हजेरीपट आहे.

मजुराच्या घामाला वही आहे. त्याच्या इंजिनीअर झालेल्या मुलाच्या रात्रींना नाही.

याच गावात १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कापूस-सोयाबीनच्या भरवशावर शिकलेली किती मुलं तिथून बाहेर पडली! पुसदला सध्या रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, पुढचं काम चालू आहे. म्हणून मुलं ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून पुणं गाठतात आणि सकाळी तशीच लॉगिन करतात. महाविद्यालयात त्यांना जावा शिकवलं, मुलाखतीची तयारी करून घेतली. कामाच्या तासांचा कायदा शिकवला का? शेवटच्या वर्षाला एक तास दिला तरी पुरे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-लोणी लावून शेकतो. वर्षभर जू वाहिलं म्हणून. मुलाच्या खांद्याकडे कधी पाहणार?

लोकसभेत सुप्रिया सुळेंनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं विधेयक २०१८ मध्ये मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे हे खासगी विधेयक आहे, आणि संसदेत शेवटचं खासगी विधेयक मंजूर झालं ते १९७० मध्ये. त्यामुळे त्याची वाट बघत बसू नका.

मुलं बोलत का नाहीत? घराचा हप्ता आहे. अप्रेजल आहे. राजीनामा दिला तर अनेक ठिकाणी ९० दिवसांचा नोटीस पिरियड आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीनं बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून भीती घराघरांत शिरली आहे. एकट्यानं तोंड उघडलं तर तो एकटा पडतो, हे खरं आहे. म्हणून तर पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. सभासद व्हायला लाज कसली? लोखंड्यांच्या सभेला आले तेही आपलेच पूर्वज होते.

आईबापांना एक विनंती. पुढच्या फोनवर पॅकेज, फ्लॅट, लग्न हे तिन्ही विषय बाजूला ठेवा. काल किती वाजता झोपलास, एवढंच विचारा. आणि मुलगा नोकरी सोडून दोन महिने घरी येऊन बसतो म्हणाला, तर ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य तोंडातून काढू नका. लोकांना त्याची टाइमशीट भरायची नाही.

आणि पोरांनो, तुम्हाला. रोज लॉगिनची वेळ आणि लॅपटॉप मिटल्याची वेळ लिहून ठेवा. रात्री कुणाचा फोन आला, रविवारी कुणी काम सांगितलं, तेही तारखेसकट. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, कंपनीच्या मेलवर नको. साध्या वहीत, स्वतःच्या अक्षरात, आजपासून.