छप्पर किती वर्षांचं?

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींची साठी जवळ आली की जेवणावळीत एक विषय हमखास निघतो : निवृत्त होऊन जायचं कुठे? पुणं म्हणणारे तिथल्या रहदारीची आठवण होईपर्यंतच पुणं म्हणतात. मग गाडी फ्लोरिडावर येते. बर्फ उपसायचा नाही, राज्याचा आयकर नाही, अंगणात आंबा लावता येतो.

पूर्वी हा विषय इथेच संपायचा. फार तर विमानतळ किती लांब, देऊळ कुठे, हृदयरोगाचा डॉक्टर जवळ आहे का, एवढ्या चौकश्या व्हायच्या. हल्ली मसालेभाताची दुसरी वाढ होण्याआधीच कोणीतरी विचारतं, "आणि इन्शुरन्स किती?" आकडा ऐकला की दुसरा प्रश्न येतो, "हे घराच्या हप्त्यासकट ना?" नाही हो. हा नुसता विमा.

आमचे एक भाऊ आणि वहिनी गेलं वर्षभर या शोधात आहेत. भाऊ समुद्र बघून घर निवडायला निघाले होते. आता ते आधी छप्पर बघतात. फ्लोरिडात जुन्या घराचा विमा मागितला की पहिला प्रश्न छपराच्या वयाचा. पंधरा वर्षांच्या पुढचं असेल तर एजंटाचा स्वरच बदलतो. मग घराची पत्रिका बघतात, आणि ती चार ठिकाणी जुळावी लागते : छप्पर, विजेचं वायरिंग, पाण्याचे नळ आणि एसी. वर आणखी एक तपासणी असते. त्यात एक माणूस विजेरी घेऊन माळ्यावर चढतो आणि छपराचे वासे भिंतीला कशाने जखडलेत याचे फोटो काढतो. नुसते खिळे असतील तर एक भाव, लोखंडी पट्ट्या असतील तर सवलत. भाऊंनी व्हॉट्सॲपवर नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध अशाच एका पट्टीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "दोन्ही बाजूंनी आहे!" त्याला आठ जणांनी अंगठा दाखवला.

या सगळ्याची सुरुवात २४ ऑगस्ट १९९२ ची. त्या पहाटे अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड गावावर आदळलं आणि नंतर दहाच्या वर विमा कंपन्यांचं दिवाळं वाजलं. तोवर कंपन्या मागच्या वर्षांचं नुकसान बघून पुढचा हप्ता ठरवायच्या. अँड्र्यूनंतर संगणकावर हजारो काल्पनिक वादळं सोडून कुठलं घर किती मोडेल याचा हिशेब करणं रूढ झालं. म्हणजे अजून न आलेल्या वादळाचे पैसे आपण आज भरतो. शिवाय विमा कंपनीलाही विमा लागतो. तो बव्हेरियातल्या म्युनिकमधल्या आणि झुरिकमधल्या बड्या कंपन्या विकतात, आणि फ्लोरिडापुरते त्यांचे बरेचसे करार १ जूनला, वादळांचा मोसम सुरू होतो त्याच दिवशी, नवे होतात. भाऊंच्या घराचा हप्ता अशा रीतीने बव्हेरियात ठरतो. भाऊंना बव्हेरियाबद्दल आजवर एवढंच माहीत होतं की तिथे बीअर चांगली मिळते.

जेवणावळीत एक काका असतातच. "हवामानबदल वगैरे सब झूट, लहानपणी आमच्याकडेही पूर यायचे," असं ते दरवेळी सांगतात. त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. विमा कंपनी मात्र वाद घालत नाही. रिन्यूअलच्या पत्रात ती आकडा तेवढा वाढवते, आणि काका पोर्टलवर जाऊन मुकाट भरतात. म्युनिक रे या कंपनीने तापणाऱ्या हवेचा धोका १९७३ सालीच आपल्या एका प्रकाशनात नोंदवला होता. हप्ते वाढायला केवळ हवा कारणीभूत नाही, हेही खरं. बांधकाम महागलं, फ्लोरिडात कोर्टकज्जे फार, आणि माणसं पुन्हापुन्हा किनाऱ्यालाच घरं बांधत राहिली. काका यातलं फक्त कोर्टकज्ज्यांचं वाक्य पाठ करतात.

खासगी कंपनी दारात उभी करत नसेल तर फ्लोरिडात सरकारी सोय आहे. सिटिझन्स नावाची संस्था राज्याने २००२ मध्ये काढली. शेवटचा आसरा म्हणून काढली, आणि पुढे राज्यातली सगळ्यात मोठी घरविमा कंपनी तीच होऊन बसली. तिचा खजिना आटला तर तूट राज्यातल्या इतर विमाधारकांकडून वसूल करता येते, अगदी गाडीच्या विम्यावरसुद्धा. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहून जुनी टोयोटा चालवणाऱ्यालाही किनाऱ्यावरच्या बंगल्याच्या कौलांची वर्गणी पडू शकते. गणपतीची वर्गणी मागायला निदान कोणी दारात तरी येतं.

भाऊंचा मुलगा राहतो त्या गावी जावं, तर तो कॅलिफोर्नियात. तिथे आगी. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये त्या राज्यात घरांच्या नव्या पॉलिसी देणंच थांबवलं. १९८८ च्या सार्वमतानंतर तिथे दर वाढवायला विमा आयुक्तांची मंजुरी लागते. दर वाढवू देत नसाल तर आम्ही निघालो, असा कंपन्यांचा पवित्रा. २०१८ च्या नोव्हेंबरात पॅराडाइज हे गाव जवळजवळ अख्खं जळलं, ८५ माणसं गेली, राज्यातली शतकभर जुनी एक छोटी विमा कंपनीही बुडाली. वाचलेल्यांतले पुष्कळजण शेजारच्या चिको शहरात गेले, कारण माणूस फार लांब जातच नाही; शाळा, नोकरी, ओळखीचा न्हावी, सगळं जवळपास लागतं. २०२४ च्या जुलैत चिकोतल्याच एका उद्यानात मोठा वणवा पेटला.

मग सुरक्षित कुठे? बफेलोच्या महापौरांनी २०१९ मध्ये आपलं शहर हवामानापासून आसरा देणारं आहे असं जाहीर केलं. २०२२ च्या नाताळात त्याच शहरात आणि परिसरात असं हिमवादळ आलं की चाळिसाहून अधिक माणसं दगावली. नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल समुद्रापासून कित्येक तास दूर, डोंगरात. हवा थंड, म्हणून लोक तिकडे चालले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचा पाऊस तिथवर पोचला आणि नळाला पिण्याजोगं पाणी यायला सात आठवड्यांहून जास्त लागले. भाऊंच्या वहीत ॲशव्हिलवर काट मारलेली आहे. बफेलोवर वहिनींनी आधीच मारली होती, पण हवामानासाठी नाही. तिथे बहीण राहते.

एवढा शोध घ्यायला पैसे आणि सवड दोन्ही लागतात, हे आमच्या टेबलावर कोणी बोलत नाही. मायामीत लिटल हैती नावाची वस्ती आहे. किनाऱ्यावर श्रीमंत राहायचे म्हणून गरीब हैतीयन माणसं आत, रेल्वेच्या बाजूला स्थिरावली. ती जागा थोडी उंचावर निघाली. आता बिल्डरांची नजर तिथल्या उंचीवर आहे, भाडी चढली आहेत आणि जुने भाडेकरू निघून जाताहेत. त्यांना छपराचं वय कोणी विचारत नाही, छप्परच काढून घेतात.

न्यू जर्सीत राहिलं तर? इथला आमचा जीव बेसमेंटमध्ये. मखर तिथे, पेटी-तबला तिथे, नाटकाच्या तालमी तिथे, पन्नास पानांची पंगत तिथे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने राज्यात तिसेक बळी घेतले, आणि असंख्य बेसमेंटं भरली. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही हे पुष्कळांना तेव्हा कळलं. आमच्या एडिसनच्या शेजारी, वुडब्रिजमध्ये, सरकारने पूरप्रवण घरं विकत घेऊन पाडली आणि जागा मोकळी सोडली. तिथे आता गवत आहे, हरणं येतात. त्या गल्ल्यांतून जाताना वहिनी गाडीचा वेग कमी करतात आणि "इथे घर होतं, इथेही होतं," असं मोजतात.

तरी शेवटी फ्लोरिडाच ठरलं. हवेला घाबरून माणूस हलत नाही आणि हवेला घाबरून थांबतही नाही, असं मला आता वाटू लागलंय. त्याला गुडघे गरम ठेवायचे असतात. भाऊंनी समुद्रापासून बऱ्यापैकी आत, टॅम्पाच्या उत्तरेला एक घर पाहिलं. छप्पर दोन वर्षांचं. पट्ट्या दोन्ही बाजूंनी. एजंटाने फोनवर अटी वाचून दाखवल्या. आग लागली तर मूळ पॉलिसीत भरपाई. वारा असेल तर वादळाचं डिडक्टिबल वेगळं, घराच्या विमा रकमेच्या दोन टक्के, म्हणजे चार लाख डॉलरच्या घराला पहिले आठ हजार आपल्या खिशातून. पुराची पॉलिसी स्वतंत्र. भाऊ लिहून घेत होते. मग एजंट म्हणाला, तुमचा भाग चुनखडीचा आहे, कधीकधी जमीन खचून सिंकहोल होतो, त्याचं कव्हर जादा पैसे भरून मिळेल, घ्यायचं का?

वहिनींनी फोन म्यूट केला. "तेज, वायू, आप, पृथ्वी झाली," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "त्याला विचारा, आकाशाचं काही आहे का, एकदाच काय ते सांग म्हणावं."

भाऊंनी विचारलं. एजंट म्हणाला, छपरावर विमान पडलं तर मूळ पॉलिसीतच मिळतं.