मेहताजींसाठी प्रार्थना

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला, तेव्हाच मला प्रभूचं आणि आयकर खात्याचं संगनमत असल्याचा संशय आला. गुड फ्रायडे २९ तारखेला. त्या वर्षी आयकर कचेऱ्या शुक्रवार ते रविवार तिन्ही दिवस उघड्या ठेवायचा हुकूम निघाला होता. म्हणजे ज्या तीन दिवसांत जगाच्या तारणाचं काम उरकलं, त्याच तीन दिवसांत मला सुरतेतल्या रिंग रोडच्या चार कापड-व्यापाऱ्यांची खाती जुळवायची होती. तिकडचं काम वेळेत झालं. माझे दोन हजार तीनशे रुपये काही केल्या जुळेनात.

मार्केटात मला मेहताजी म्हणतात. सुरतेत वही लिहितो तो मेहताजी, मग तो नगरचा ख्रिस्ती का असेना. मंडळीत मी खजिनदार. ज्याला दोन आणि दोन चार येतात त्याच्या गळ्यात आपल्याकडे ही माळ पडतेच. बारा शिष्यांत थैली कुणाकडे होती, हे त्या वेळी कुणाला आठवत नाही. दोन्ही ठिकाणी माझं वाक्य एकच, ‘मरायला वेळ नाही हो.’ म्हणायची ती तक्रार, पण मी ती अंगठीसारखी मिरवतो. सात तारीख टीडीएसची, अकरा विक्रीच्या विवरणाची, वीस जीएसटीच्या भरण्याची. आगमनकाळ आणि उपवासकाळ या तारखांच्या अधेमधे कोंबायचे. मत्तयाचं बोलावणं हा माझा आवडता उतारा, कारण माणूस धंद्याने आमचा. जकातनाक्यावर बसला होता, हाक आली, उठून गेला. पाळकसाहेबांना त्याचं उठणं दिसतं. मला उघडी राहिलेली वही दिसते. त्या दिवसाची रोकड कुणी मोजली?

मरायला वेळ नसलेल्यांचं पुढे काय होतं, ते बघायला कतारगाम दरवाजापाशी इंग्रजांच्या कबरस्तानात जावं. मी जातो. घरी ‘चिंतनाला जातो’ असं सांगून जातो. (सुरतेत मराठी माणसाने इतिहास काढला की समोरचा गुजराती हसत हसत गल्ल्याला कुलूप लावतो. पण १६६४ च्या स्वारीत महाराजांनी कापुचिन पाद्री अँब्रोज यांच्या घराला हात लावू दिला नाही, असं प्रवासी बर्नियरने लिहून ठेवलंय. त्यामुळे मराठी आणि ख्रिस्ती, दोन्ही खात्यांवर मी निर्धास्त असतो.) त्याच स्वारीत इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याच्या दहा वर्षं आधी गेलेला भाऊ ख्रिस्तोफर आणि तो, दोघे तिथे एकत्र आहेत. थडगं म्हणायचं ते आपलं उगीच. दुमजली, घुमटाचा, चाळीसेक फुटांचा वाडा आहे तो. डचांना हे बघवेना. मलबारच्या झाडपाल्यावर बारा खंडांचा ग्रंथ करणारा त्यांचा व्हान रेड १६९१ साली गेला, तेव्हा इंग्रजांवर कडी करायची म्हणूनच त्याच्यावर तसला डोलारा उभारला, असं सांगतात. जिवंतपणी कापडाच्या भावात चुरस, मेल्यावर घुमटात. शेजाऱ्याची पाटी मोठी झाली की आपली बदलायची, ही रिंग रोडची रीत अशी जुनी आहे.

पण मी जातो तो ख्रिस्तोफरसाठी. त्याच्या लॅटिन लेखाचा मतलब असा, की याच्या वहीत वर्षं चढलीच नाहीत, नुसते दिवस चढले, कारण मरणाने अचानक हिशेब मागितला. भाषांतर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प उभा होतो. तिसऱ्या मिनिटाला मनात आलं, ‘अचानक? नोटीस न देता?’

असो. ईस्टरच्या उपासनेला मी पाऊण तास उशिरा, लॅपटॉपची बॅग घेऊन, सगळ्यांना दिसेल असा शिरलो. मोकळ्या प्रार्थनेची वेळ होती. लिंबायतच्या एक मावशी उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, “हे प्रभू, आमच्या खजिनदार भाऊंचे फार हाल चाललेत. सणासुदीलाही बिचाऱ्यांना सुट्टी नाही. त्यांना एखादी बरी नोकरी दे.”

मंडळी ‘आमेन’ म्हणाली. सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.

बरी नोकरी! मला! आठवडाभर धुमसत होतो. शेवटी वर्गणीची पावती द्यायचं निमित्त काढून त्यांच्या घरी गेलो, आपला हुद्दा एकदा नीट समजावून सांगावा म्हणून. मावशी साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या. एकेक टिकली गोंदाने चिकटवत होत्या. बोटांच्या टोकांवर गोंद सुकून पापुद्रे आलेले. गठ्ठ्यावरची चिठ्ठी माझ्याच एका शेठच्या दुकानाची होती.

“वेळ नसेल ना भाऊ? उभ्याउभ्या तरी चहा घ्या.”

माझ्या वहीत हे सगळं ‘जॉब चार्जेस’ या एका ओळीत मावतं. ती ओळ आटोक्यात ठेवल्याबद्दल शेठने मला एका दिवाळीला घारीचा डबा दिला होता, आणि तो मी चार घरी दाखवत फिरलो होतो. चहा घेताना मावशी सहज म्हणाल्या, की मार्चमध्ये गल्लीतल्या सगळ्या बायकांची मजुरी कापली, साड्यांना गोंदाचे डाग पडले म्हणून.

“किती?”

“सगळ्यांची मिळून तेवीसशे.”

माझा फरक सापडला होता. एरवी फरक सापडला की मी बायकोला फोन करतो. त्या दिवशी नाही केला.

शेठला सांगितलं. ते म्हणाले, “मेहताजी, वरस तो बंद थई गयुं.” वर्ष मीच बंद केलं होतं, वेळेत, ३१ तारखेला रात्री साडेअकराला. मावशींनाही काय झालं ते सांगून आलो.

त्यांची प्रार्थना अजून दर रविवारी चालू आहे. अलीकडे तिच्यात माझ्या नावानंतर शेठचंही नाव येतं.