खोगीरभरती

एकेचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावर बसले. बसले म्हणजे बसवली गेले. मागून दोघांनी उचललं, पुढून मास्तरांनी लगाम धरला, आणि राणी नावाच्या त्या तांबूस घोडीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा येऊन टेकला की आपण पाहतो, तसं.

मास्तर लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या आज्ञा दोनच : "टाच खाली, नजर वर." माझं नेमकं उलटं होई. दुडक्या चालीत घोडीच्या ठेक्यावर स्वारानं उठायचं आणि बसायचं असतं. शाळेत गणित चुकलं की उठाबशा काढल्या होत्या, पण तेव्हा निदान खालची जमीन जागेवर असायची. इथं मी उठे तेव्हा घोडी खाली असे आणि मी बसायला जाई तेव्हा ती वर येई. मराठीत निकामी भरण्याला खोगीरभरती म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ मला सहा रविवारांत बुडापासून कळला.

राणी तशी गरीब, पण तिची एक खोड होती. तंग आवळायला घेतला की ती पोट फुगवायची. आपल्याला वाटावं, पट्टा घट्ट बसला. चार पावलं चालून ती श्वास सोडते आणि खोगीर हळूच एका अंगाला कलतं. म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो. फोटो काढताना मी पोटाचं जे करते त्याच्या बरोबर उलट ही करते, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

सातव्या रविवारी मास्तरांनी डावी रिकीब हातात धरली आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. घोड्यावर चढायचं ते डावीकडून. सगळा भार डाव्या रिकिबीच्या पट्ट्यावर येतो, आणि तो हळूहळू लांबतो. म्हणून जाणते लोक दोन्ही पट्टे अधूनमधून आलटून पालटून लावतात. आमचा डावा पट्टा उजव्यापेक्षा दोन भोकं लांबला होता. "जुना आहे," मास्तर म्हणाले. मोठा सभ्य माणूस. पण पागेतल्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं.

नव्या पट्ट्यांची किंमत ऐकल्यावर मी म्हटलं, एक लांब पट्टी, एक बक्कल, ओळीत भोकं. यात कुठं घोडं पेंड खातंय? घरीच करू. आणि पट्टा जमला की लगाम, लगाम जमला की खोगीर. राहतो तो कोल्हापुरात. इथं कातड्याला काय तोटा?

पुढच्या रविवारी तशीच, पागेतले बूट घालून, धुळीनं माखलेली, मी कातड्याच्या दुकानात शिरले. रात्रभर परदेशी व्हिडिओ पाहिले होते. ते लोक कातड्याची जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटर, हे मी पाठ केलं होतं. "दहा औंस द्या, पटकन, वेळ नाही," असं मी म्हटल्यावर दुकानदारानं शांतपणे तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"घोड्यावर बसून आलाय काय ओ ताई?"

"हो," मी म्हटलं.

तो उठून दारापर्यंत गेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून आला. मग त्यानं मला सांगितलं की कातडं चौरस फुटावर मिळतं, आणि औंसावर काय मिळतं ते औषधाच्या दुकानात विचारा. घासाघीस करून मी त्यातल्या त्यात स्वस्त तुकडा घेतला. छान मऊ होता.

शिवणकामासाठी एक लाकडी चिमटा लागतो. त्याच्या जबड्यात कातडं धरायचं, बूड मांड्यांखाली दाबायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्याला म्हणतात स्टिचिंग पोनी. घोड्यापासून माणसाची सुटका नाही ती अशी. मागवताना मी नवऱ्याचा नंबर दिला होता. त्यानं दुपारी ऑफिसातून घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं, "तिचा पोनी आज येतोय म्हणे." संध्याकाळी मी पोचले तर सासूबाई जिन्यातच उभ्या. "हे बघ, गॅलरीत बांधू नकोस. तिथं कपडे वाळत असतात."

पोनीवर तरी माझी मांड पक्की बसली. पण टाके खोगिराचे घालायचे होते. त्यासाठी एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा लागतो. टाका ओढताना दोन्ही हात पोहल्यासारखे पसरावे लागतात. पहिल्याच संध्याकाळी डावा हात शोकेसवर आणि उजवा सासऱ्यांच्या चष्म्यावर आपटला. ते तेव्हापासून बातम्या उभ्यानं बघतात.

तीन आठवड्यांनी दोन पट्टे तयार झाले. एक एका आठवड्यात आपोआप लांबला. दुसरा मधेच रुंद, मधेच अरुंद, पंचगंगेच्या पात्रासारखा. ते घेऊन मी सुभाषनगरात आक्कांकडे गेले. आक्का चपला करतात. यजमान तळ कापतात, वेण्या घालणं आणि नाजूक शिवण आक्कांची. कोल्हापुरी चप्पल मुळात खिळ्याविना, कातड्याच्याच वादीनं शिवतात. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. मी आक्कांना हे कौतुकानं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "व्हय, कागद आलाय. दर तेवढा याचा हाय." मी ज्याला छंद म्हणून हौसेनं पैसे मोजत होते, ते त्यांच्या चार पिढ्यांचं पोट होतं. माझ्या डब्यातली सतरा चकचकीत हत्यारं पाहून त्यांनी आपली दोन पुढं केली, एक रापी आणि एक आरी. आरीची मूठ हातानं झिजून सुपारीसारखी गुळगुळीत झालेली.

पट्टा त्यांनी नुसता दोन बोटांत धरून ओढला.

"पोटाचं कातडं घेतलंसा व्हय?"

"म्हणजे?"

"जनावराच्या पाठीचं कातडं गच्च असतंय, पोटाचं ढिल्लं. पोट कुणाचं बी असू दे, सुटतंयच."

राणीच्या पाठीवर बसायला जनावराच्या पोटाचा पट्टा निवडणारी मी पहिलीच असेन. आक्कांनी पाठीच्या कातड्याची एक लांब पट्टी दिली, कण्याला समांतर कापलेली. तशी कापली की कमी ताणली जाते. कमावण्याची कृतीही सांगितली : चुन्यानं केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा. हे घरी सांगायला नको होतं. सासूबाई रोज रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा घेतात, आणि त्रिफळ्यात हिरडा असतो. त्या रात्री त्यांनी चमचा तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं मी आतून कमावतेय?"

नवा पट्टा मी दीड महिना केला. मास्तरांनी तो उलटसुलट पाहिला, बक्कलाजवळची शिवण नखानं तपासली आणि पुन्हा एकदा सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, याला घोडा बांधू. माणूस नको." खोगिरावरून निघालेली मी अशी लगामही न गाठता घोडी बांधायच्या पट्ट्यावर आले. पण बांधली. माझ्या हातच्या पट्ट्यानं, खुंट्याला, साक्षात राणी. मी पाणी प्यायला गेले.

परत आले तर राणी डोळे अर्धे मिटून सावकाश चघळत होती. शिवणीपाशी कातड्याचा लचका गेला होता आणि एक टाका सरळ तुटला होता.

तो ओला, चावलेला पट्टा घेऊन मी आक्कांकडे गेले. त्यांनी तुटलेल्या जागी आरी घालून उचकटून पाहिलं, मग पुढचा टाका ओढला, मग मागचा. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे आपापली जागा सोडत नाहीत. मशीनची शिवण असती तर उसवत गेली असती. एकही हलला नाही. आक्कांनी पट्टा माझ्या हातात परत दिला. "कापायला येत न्हाई तुमास्नी," त्या म्हणाल्या, "शिवण बरी हाय."

मी तो पट्टा राणीच्या दातांसकट, म्हणजे खुणांसकट, जेवणाच्या टेबलावर मिरवला. नवऱ्यानं वाहवा केली. सासऱ्यांनी लांबूनच, उभ्यानं केली. सासूबाईंनी चष्मा लावून गेलेला लचका नीट मोजला.

"हिरड्याचंच ना गं हे कातडं?" त्यांनी विचारलं. "मग उद्या सकाळी त्या घोडीच्या मागं उभी राहू नकोस."