बोनेटवरची पोळी

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, कुंपणाशी. राहू द्या तो पाइप, जास्वंद काही तेवढ्यात वाळत नाही. समोरच्यांची पांढरी गाडी पाहिलीत आज? काल संध्याकाळपर्यंत तिचं बोनेट काळं होतं आणि आता... थांबा, पहिल्यापासूनच सांगते.

चिरंजिवांना सुटीत हुक्की आली, गाडीला रॅपिंग करायचं. बोनेट आणि दोन्ही आरशांची कव्हरं, काळी मॅट. रंग नव्हे हो, ती चिकटवायची फिल्म. दुकानदाराने दोन पुढ्यात टाकल्या. एक जाड आणि स्वस्त, दुसरी हाताला अगदी पातळ आणि भाव विचारू नका! वडील म्हणाले, "पातळ मालाला जास्त पैसे? आम्ही काय खुळे आहोत?" आले जाडी घेऊन. वहिनी स्वतः सांगत होत्या मला, तेव्हा काय तोरा होता.

माझा भाचेजावई याच धंद्यात आहे ना, ठाण्याला. तो म्हणाला, "मावशी, ती स्वस्तातली कॅलेंडर्ड." मला वाटलं, भिंतीवरचं कॅलेंडर! तर तसं नव्हे, रुळांमधून दाबून लाटतात ती. महागातली ती कास्ट, ती ओतून पसरवतात. म्हटलं, असं सांग की मग! एक मैद्याची पोळी आणि दुसरं घावन. मैद्याची पोळी कितीही ताणा, आकसून मागे येतेच. घावन ओतलं तिथे गुमान पडून राहतं. कास्ट 50 मायक्रॉनच्या आसपास, दुसरी 75 ते 100. म्हणून पातळ तीच आरशाच्या गोलाईवर नीट बसते. सपाट दारावर पट्टीबिट्टी चिकटवायची तर जाडी चालते म्हणे, पण आरसा म्हणजे...

तर काय सांगत होते, हेअर ड्रायर. वहिनींचाच, भाऊबीजेचा. त्याने तापवून तापवून पोराने फिल्म आरशावर ओढून बसवली. सकाळी काय चकाचक! सगळ्या सोसायटीला व्हॉट्सॲपवर फोटो. दुपारी ऊन तापलं आणि चारला मी चहाचा कप घेऊन गॅलरीत येते तो काय, फिल्म कडेने वर सरकलेली, खाली बोटभर पांढरं उघडं. आखूड झालेल्या धोतरासारखं हो! मी मुद्दाम हाक मारली, "छान दिसतंय!" पोराचा चेहरा असा पडला...

जावई म्हणतो, ताणलेल्या जागी शेवटी हीट गनने 90 अंशांच्या वर न्यावं लागतं, तेव्हा कुठे ती ताण विसरते. आणि ही असली जाडी तर त्यानेही भरवशाची नाही. आरशाखालच्या खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर तर चिकटलीच नाही ती. तिथे गोंद नुसता उंचवट्यांवर टेकतो, खाचांत उतरत नाही. वर यांनी आदल्याच दिवशी चमक यावी म्हणून पॉलिश फासलेलं! स्पिरिटने पुसून घ्यायचं, एवढं साधं.

वडिलांना भीती वेगळीच. काचांवरच्या काळ्या फिल्मवर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली ना, तेव्हा यांनी दंड भरलेला. आता बोनेटवरूनही पोलीस धरतील, म्हणाले. सगळ्या गाडीचाच रंग बदलला तर आरसीत नोंद करायला लागते, हे खरं. पण इथे तर नुसतं बोनेट आणि आरसे! तरी पोराला म्हणाले, "काढ, आत्ताच्या आत्ता काढ!"

आणि इथेच तर खरी गंमत. पोराने बोनेटची फिल्म खस्सकन ओढली. तर फिल्मबरोबर रंगाचा हा एवढा पापुद्रा! जावयाला फोन लावला मी लगेच. तो हसायलाच लागला. कंपनीचा मूळ रंग असा सहसा निघत नाही, मावशी, म्हणाला, निघतो तो गॅरेजात मागाहून मारलेला. आणि खाली काय दिसावं? लांबी! चांगली तळहाताएवढी, करड्या रंगाची.

वहिनी तिथेच उभ्या. आधी बोनेटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "गणपतीला एकटेच गेला होतात ना रत्नागिरीला? आल्यावर गाडी आठ दिवस सर्व्हिसिंगला होती..."

भाऊजी काय म्हणाले म्हणता? काही नाही हो. हेअर ड्रायरची वायर गुंडाळत बसले.