भुयारी की हलकी? हैदराबादच्या मेट्रोवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मेट्रोचे नकाशे आखणारी समस्त विद्वान मंडळी,
हैदराबाद.



आपली ६९ किलोमीटर मेट्रो खांबांवरून धावते, दुसऱ्या टप्प्यातली ७६.४ किलोमीटर कागदावर धावते, आणि कुठे वरून न्यावी, कुठे जमिनीखालून, यावर आपला खल चालतो. आम्ही आदिलाबादकर हे सारं भक्तिभावाने वाचतो. मग आम्हीच का मागे राहावं? बसस्टँडजवळच्या टपरीवर आमचीही तज्ज्ञ समिती बसली. विषय : रेल्वे स्टेशन ते बसस्टँड, भुयारी मेट्रो की लाइट रेल?

भुयारी पक्ष जोरात होता. पण मुंबईच्या मेट्रो-३ला साडेतेहतीस किलोमीटरसाठी ३७ हजार कोटींवर लागले, हे कळताच एका कापूस व्यापाऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. गिरगावात खांब रोवायला जागा नाही, तिथे खणणं भाग होतं. आमच्याकडे जागाच जागा. "सिमेंट तर गावचंच," असा एक मुद्दा आला. गावचंच, फक्त सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना नव्वदच्या दशकापासून बंद आहे.

हलक्या पक्षाने केंद्राचे निकष काढले. गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला १५,००० पर्यंत प्रवासी असतील तर मेट्रोलाइट, ८,००० पर्यंत असतील तर रबरी टायरची मेट्रो निओ. शेअर ऑटो धरूनही आमचा आकडा काही भरेना. डिसेंबर २०२३ पासून आरटीसीत बायकांना तिकीट नाही. त्यामुळे भरून येणारी उटनूरची बस मोजली तेव्हा जरा धीर आला. शिवाय नाशिकची निओ २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर होऊनही अजून आलेली नाही, तेव्हा आम्हालाही घाई नाही.

एक बारीकशी अडचण मात्र आहे. इथून आपल्याच राज्याच्या राजधानीला रेल्वेने यायचं तर कृष्णा एक्सप्रेस आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, भोकर, मुदखेड, उमरी, धर्माबाद असा नांदेड जिल्हा दाखवून ती आम्हाला बासरला परत तेलंगणात आणते. आमचे निम्मे सोयरे त्याच वाटेवर राहतात, म्हणून आजवर बोललो नाही. निर्मलवरून आर्मूरला जोडणारा सरळ लोहमार्ग आम्ही कित्येक वर्षं मागतोय. लांबी जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. वाटेत गोदावरी आणि निर्मलचे डोंगर आहेत, मान्य. पण तो मार्ग ना हलका, ना भुयारी. साधा, जमिनीवरचा, मालगाडीसुद्धा नेणारा. बहुधा म्हणूनच त्याच्यावर चर्चासत्रं भरत नाहीत.

तरी एक सुचवतो. दुसऱ्या टप्प्यातल्या त्या ७६.४ किलोमीटरचा अंदाज २४,२६९ कोटींचा आहे. त्यातला भुयारी तुकडा जमला तर वर काढा. वाचेल ते इकडे वळवा. निदान गोदावरीवरच्या पुलाचा एखादा खांब तरी उभा राहील.

उत्तर द्यायचं झालंच तर कृष्णा एक्सप्रेसने धाडू नका. बसने धाडा, लवकर पोचेल.

आपला,
एक आदिलाबादकर