ग्रॅमराव

ग्रॅमरावांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारी आता दोनच माणसं उरली आहेत. एक त्यांचे वडील आणि दुसरा कुरियरवाला. रविवारी पहाटे साडेपाचला विठ्ठलवाडीपाशी जमणाऱ्या आम्हा सहा जणांसाठी ते ग्रॅमरावच. या बारशाला कारण झाली पाण्याची बाटली. एकदा खडकवासल्याकडे निघताना त्यांनी बूच उघडलं आणि निम्मं पाणी दुभाजकावरच्या कण्हेरीला घातलं.

"खराब आहे का पाणी?" कुणीतरी विचारलं.

"छे! साडेतीनशे ग्रॅम कमी केले."

धरणापाशी पोचलो तेव्हा ते माझ्या बाटलीतलं पाणी पीत होते.

वय ४९, वजन ८४ किलो. पहिला आकडा ते स्वतः सांगतात, दुसरा वहिनी सांगतात. नोकरी हिंजवडीत. तिथं ते दिवसभर तक्ते बनवतात; कशासाठी, तर मोठ्या साहेबांना निर्णय पटकन घेता यावेत म्हणून. सायकल सहा वर्षांपूर्वीची, ॲल्युमिनियमची, ९ किलो ४०० ग्रॅम. सायकल बिचारी गुणी आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्यावरच त्यांनी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पुरी केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, यांची दहा मिनिटं शिल्लक राहिली. पण ॲल्युमिनियम हा शब्द निघाला की ग्रॅमरावांचा चेहरा उतरतो. त्यांच्या लहानपणी घरात दूध तापायचं ते जर्मनच्या पातेल्यात. ज्या धातूच्या बुडाला दूध लागायचं त्याच धातूवर बसून आपण सिंहगड चढतो, हे शल्य त्यांना आहे.

म्हणून नवी सायकल घ्यायची, हे चार वर्षांपूर्वी ठरलं. कशाची घ्यायची, एवढंच राहिलंय. कार्बन की टायटॅनियम?

"मला बघायला आले होते तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता," वहिनी म्हणतात. यात त्यांना नक्की काय म्हणायचंय ते ग्रॅमरावांनी कधी विचारलेलं नाही.

कार्बनच्या बाजूनं ते बोलायला लागले की सुरुवात ठरलेली. कार्बन हा धातूच नव्हे! केसाहून बारीक धागे, त्यांच्या पट्ट्या, त्या साच्यात एकीवर एक बसवायच्या आणि राळेत घट्ट करायच्या. कुठली पट्टी उभी, कुठली आडवी, कुठली तिरकी, यावर सगळं. पॅडल मारताना जिथं जोर बसतो तिथं ताठ, बुडाखाली जरा लवचिक, असं एकाच फ्रेममध्ये जमवता येतं. चांगली फ्रेम आठशे-नऊशे ग्रॅमची. टायटॅनियमची म्हटली तर दीड किलोच्या आसपास. फरक सहाशे ग्रॅम. हा फरक त्यांनी सिंहगडाच्या चढावर लावून पाहिला. माणूस, सायकल, कपडे, बाटली मिळून पंच्याण्णव किलो. त्यात सहाशे ग्रॅम कमी. म्हणजे तासाभराच्या चढाला बावीस सेकंदांची बचत. बावीस सेकंद हा आकडा त्यांनी आम्हाला वर गडावर सांगितला, भजीच्या दुसऱ्या प्लेटची वाट बघताना. ती यायला अकरा मिनिटं लागली.

एकदा त्यांनी तक्त्यात कार्बनची आख्खी सायकल जुळवली. फ्रेम, चाकं, गिअर, सीट, सगळं वेचून वेचून. बेरीज आली ६ किलो ७१० ग्रॅम. सोमवारी रात्री मला फोन. आवाजात काळजी. जागतिक सायकल संघटनेचा २००० सालापासून नियम आहे, शर्यतीतली सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही. नव्वद ग्रॅम कमी पडत होते.

"पण तुम्ही शर्यतीत उतरताय कुठे?"

"तसं नाही, पण नियमात बसत नाही ना."

"घंटी लावा," मी म्हणालो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पितळी घंटीचं वजन कळवलं.

पण कार्बनवर त्यांचा विश्वास नाही. धातू वाकतो, पोचा पडतो, काहीतरी सांगतो तरी. कार्बनला आत तडा गेला तर बाहेरून रंग तसाच चकचकीत. आमच्यातल्या एकानं जुनी कार्बनची सायकल घेतली. पेढे द्यायला म्हणून तो ती घेऊनच ग्रॅमरावांच्या दारात गेला. ग्रॅमरावांनी पेढा तोंडात टाकला आणि खिशातून रुपयाचं नाणं काढलं. पार्किंगमध्ये सायकल उलटी केली, गुडघ्यांवर बसले आणि नाण्यानं फ्रेम वाजवायला लागले. टक, टक, टक. बोटभर पुढे, पुन्हा टक. नारळवाला कानाशी नेऊन बघतो तसा एक कान नळीला लावलेला, एक डोळा मिटलेला. चांगल्या जागी खणखणीत वाजतं, थर सुटलेल्या जागी बद्द. ही पद्धत खरी आहे, जाणकारही आधी असंच वाजवून बघतात. फक्त जाणकार पाच मिनिटांत उठतात. ग्रॅमरावांना पाऊण तास लागला. शेवटी सीटखालच्या जोडापाशी ते थांबले, तीनदा वाजवलं, आणि दवाखान्यात डॉक्टर म्हणतात तसं म्हणाले, "हं." बस्, "हं." त्या "हं"पायी तो बिचारा आठ दिवस झोपला नाही. पुढं कळलं की तिथं आत नुसता जास्तीचा थर होता.

टायटॅनियमचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज आपोआप खाली येतो, देवघरात बोलावं तसा. गंजत नाही. रंग लावावा लागत नाही. पोलादापेक्षा जवळजवळ निम्म्यानं हलकं. नीट जोडलेलं असेल तर जन्मभर टिकतं, पुढं मुलाला वापरता येतं. (मुलगा नववीत आहे. कोपऱ्यावरच्या क्लासलाही त्याला सोडायला स्कूटर लागते.) खडकवासल्याला कणसाच्या गाडीवर एक गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान सात वेळा ऐकली आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेनं एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान जवळजवळ सगळंच टायटॅनियमचं केलं. एवढं टायटॅनियम आणायचं कुठून? तर मधे भलत्याच कंपन्या उभ्या करून, आडवाटेनं, खुद्द सोव्हिएत युनियनकडून! ज्याच्यावर हेरगिरी करायची त्याच्याच दुकानातून माल! गोष्ट संपली की ते कणसावर लिंबू फिरवतात आणि म्हणतात, "आता बोला." यावर काय बोलायचं ते आम्हाला सातही वेळा सुचलेलं नाही.

त्यात त्यांचं आजोळ रत्नागिरीकडचं. त्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं आणि इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम, हे कळल्यापासून तर हा धातू त्यांना घरचाच वाटू लागलाय. मागच्या मे महिन्यात आंब्याच्या पेटीबरोबर वाळूची एक बरणी आली. ती शोकेसमध्ये, मुलाच्या बुद्धिबळाच्या ढालीशेजारी आहे. पाहुण्यांना आधी बरणी दाखवतात, मग सांगतात की वाळू रग्गड असली तरी तिच्यातून धातू सोडवायचा खर्च फार. शिवाय हा धातू तापला की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि ठिसूळ होतो, म्हणून जोडकाम करायचं ते आर्गॉन वायूच्या पांघरुणाखाली. पाहुणे मान डोलावतात. एकदा वहिनींनी चहा ठेवता ठेवता टूथपेस्टच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. टायटॅनियम डायऑक्साइड. पांढरेपणासाठी घालतात.

"म्हणजे रोज सकाळी थुंकतो ते हेच ना?"

याहून मोठा घाव माझ्या हातून बसला. सायकलीच्या नळ्यांना वापरतात ते टायटॅनियम शुद्ध नसतं. त्यात तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असतं, आणि हे मला ग्रॅमरावांनीच शिकवलेलं. मी एवढंच म्हणालो, "म्हणजे थोडं जर्मन तुमच्या टायटॅनियममध्येही आहेच की." त्या दिवशी परतीच्या वाटेवर ते एकटेच पुढे गेले. एरवी ते कधी पुढे नसतात.

त्यांची मतं ऋतूप्रमाणे बदलतात, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं. पावसाळा आला की टायटॅनियम. दिवाळीनंतर हवा थंड झाली, गड-घाट सुरू झाले, की कार्बन. फेब्रुवारीत लांब पल्ल्याच्या बीआरएम असतात, कंबर धरते, तेव्हा पुन्हा टायटॅनियम, कारण ते म्हणे रस्त्याचा बारीक कंप पिऊन टाकतं. एप्रिल-मे हे महिने तटस्थ. तेव्हा किमती बघतात. दोन्हीकडे आकडा असा की त्यात जुनी चारचाकी येते, आणि तिला डिकी असते, ही वहिनींची भर.

कंपाचं प्रकरण तेवढं मला गंभीर वाटायचं, कारण सिंहगड रस्त्याचे गतिरोधक मीही सोसलेत. म्हणून मी त्यांना आमच्या पेठेतल्या मेकॅनिककडे नेलं. याचे आजोबा तासाच्या हिशेबानं सायकली भाड्यानं द्यायचे. घराण्यात पंक्चरचं पाणी आहे. ग्रॅमराव वीस मिनिटं बोलले. धाग्यांची दिशा, नळीची जाडी, कंपसंख्या. मेकॅनिक ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्यानं अंगठ्यानं त्यांचं मागचं टायर दाबून पाहिलं.

"साहेब, हवा किती भरता?"

"एकशे वीस."

"ऐंशी करा. आणि पुढच्या वेळी टायर जरा रुंद घाला, अठ्ठावीसचं."

एवढं बोलून त्यानं फस्स करून हवा सोडली. ग्रॅमराव घरी गेले ते अलगद, पाळण्यातून गेल्यासारखे. आता खरं सांगायचं तर पोटातलं पाणी हलतं की नाही हे फ्रेमपेक्षा टायर कितीतरी जास्त ठरवतं, आणि हे ग्रॅमरावांच्या तक्त्यातही एका खणात लिहिलेलं आहे. पण त्या खणाला त्यांनी रंग दिलेला नाही. टायर हजार-दोन हजारांत येतं. हजार-दोन हजारांच्या गोष्टीवर चार वर्षं काढता येत नाहीत.

यंदा श्रावणात त्यांचे वडील घसरले. अप्पा ७८ वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. उभी हयात काळ्या दांड्याच्या सायकलवर गेली. ती किती किलोची होती ते त्यांना आजही माहीत नाही, आणि कुणाला विचारावंसंही वाटलेलं नाही. बाथरूममध्ये पाय गेला आणि मांडीचं हाड मोडलं. रात्रीच ऑपरेशन करून आत रॉड घातला. मी सकाळी डबा घेऊन पोचलो तेव्हा ग्रॅमराव एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून उभे होते. डोळे रात्रभराच्या जागरणानं लाल. मी खांद्यावर हात ठेवला.

"टायटॅनियम," ते हळूच म्हणाले. "अप्पांच्या मांडीत टायटॅनियम."

घरात ते पहिलं यायचं ते असं आलं. डॉक्टर राउंडला आले. चाळिशीचे, सडपातळ. अप्पांची नाडी, ताप, जखम सगळं बघून झालं. घरच्यांना काही विचारायचंय का? वहिनींनी विचारलं, पथ्य काय. ग्रॅमरावांनी घसा साफ केला.

"ग्रेड कुठला डॉक्टर? नाइन की फाइव्ह?"

डॉक्टर वळले. त्यांनी आधी ग्रॅमरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या मनगटावरच्या, घड्याळाखाली उमटलेल्या गोऱ्या पट्ट्याकडे, मग हातमोज्याच्या रेषेपर्यंत रापलेल्या बोटांकडे. "सायकल चालवता?" त्यांनी विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं राउंड थांबला. डॉक्टरही चालवायचे. बोपदेव घाट, कात्रजचा जुना बोगदा, सगळं फिरून झालं. सिस्टर दोनदा दारात येऊन गेली. शेवटी ग्रॅमरावांनी चार वर्षांचा प्रश्न टाकला. आपल्या हातानं माणसांच्या हाडात टायटॅनियम बसवणारा माणूस समोर उभा होता. याच्याइतका अधिकारी पुरुष पुन्हा कुठे भेटणार?

"तुमची सायकल कसली?"

"कार्बन."

"कार्बन? तुमची?"

"टायटॅनियम दिवसभर हातात असतंच हो," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "रविवारी तरी नको."

ग्रॅमरावांनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

अप्पा घरी आले. मी पंधरा दिवसांनी भेटायला गेलो. दार उघडंच होतं. पॅसेजमध्ये अप्पा वॉकर धरून उभे होते, आणि ग्रॅमराव फरशीवर पालथे पडले होते. शेजारी ॲलन कीचा संच, मोजपट्टी, कागदावर आकडे. सायकलच्या सीटची उंची काढताना गुडघ्याचा कोन मोजतात तसा त्यांनी अप्पांच्या कोपराचा कोन मोजला होता. आधी उंची एक खाच वर, मग एक खाच खाली. मग अप्पा म्हणाले, डावीकडे ओढतोय. तेव्हापासून पुढच्या डाव्या चाकाशी काम चालू होतं. ग्रॅमरावांनी चाक बोटानं फिरवलं, कान लावला, पुन्हा फिरवलं. एक केस निघाला. तेलाचा एक थेंब, फक्त एक.

"चला अप्पा. घ्या राउंड."

अप्पा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. वळले. सरळ रेषेत परत आले. दम लागला होता, पण चेहरा खूश होता. त्यांनी एका हातानं वॉकर किंचित उचलून पाहिला.

"जर्मनचा आहे ना रे? बरा आहे. हलका आहे."

ग्रॅमराव फरशीवरून काही बोलले नाहीत. ते उजव्या चाकाकडे सरकले.